तीनच्या आत

पहाटे ४.००

जवानांची पाळी बदलते, तेव्हाच्या बुटांच्या आवाजाने जाग येते. पोलीस मदत केंद्राची एक खोली, त्यात आम्ही चौघे आणि चौघांच्या मधोमध मशीन. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट. यांना क्षणभरही एकटे सोडायचे नाही, हे प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकले आहे की झोपेतही एक हात पेटीवर असतो. अहेरीहून हेलिकॉप्टरने निघालो, बेस कॅम्पला उतरलो आणि तिथून पुढे जवानांच्या रांगेत पायी. मी केंद्राध्यक्ष. एरवी वडसा भागातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पहिला मतदान अधिकारी ग्रामसेवक, दुसरा कृषी सहायक, तिसरा आश्रमशाळेतला तरुण लिपिक.

आज शुक्रवार, १९ एप्रिल २०२४. लोकसभेचा पहिला टप्पा. मतदारसंघ गडचिरोली-चिमूर, अनुसूचित जमातींसाठी राखीव, तीन जिल्ह्यांत पसरलेला. उत्तरेला गोंदियातले आमगाव, दक्षिणेला सिरोंचा. वडशाच्या धानाच्या बांध्या आणि हे भामरागडचे रान, दोन्ही एकाच खासदाराच्या वाट्याला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी आणि चिमूरमध्ये मतदान संध्याकाळी सहापर्यंत आहे, आमच्याकडे सात ते तीन. अंधार पडायच्या आत मशीन सुरक्षित जागी पोचली पाहिजे, म्हणून.

कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. बरोबर महिन्यापूर्वी, १९ मार्चला, तेलंगणातून आलेले चार माओवादी कोलामार्काच्या डोंगरात चकमकीत मारले गेले. निवडणुकीत घातपाताचा बेत होता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या लोकसभेला मतदानाच्याच दिवशी एटापल्ली तालुक्यात वाघेझरीच्या केंद्राजवळ स्फोट झाला होता. हापशावर तोंड धुताना कृषी सहायक एवढेच विचारतो, "चहा भेटल का जी?"

५.३०

शाळेच्या खोलीत बॅटरीच्या उजेडात अभिरूप मतदान. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, किमान पन्नास मते टाकून दाखवायची. प्रतिनिधी दोन आले आहेत. दोघे चुलत भाऊ, दोन वेगळ्या पक्षांचे. एकाच सायकलवर आले, एकाच बाकावर बसले, बिडीही दोघांत एकच ओढून झाली बहुतेक.

मते टाकायची, क्लोज, रिझल्ट, क्लिअर. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून मशीनशी जुळवायच्या, मागे शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालायच्या, गुलाबी सील. मग कंट्रोल युनिटला हिरवी कागदी सील. तिच्यावरचा क्रमांक दोघे भाऊ आपापल्या वहीत उतरवून घेतात. धाकटा पाच वाचतो, मोठा सहा. टॉर्च जवळ नेऊन भांडण मिटवावे लागते. या दोघांना ईव्हीएमवर विश्वास आहे का, हे मी विचारले नाही. पण शहरात या यंत्रावर तावातावाने बोलणाऱ्यांतले किती जण कधी पहाटे साडेपाचला उठून हे सगळे पाहायला गेले, हे विचारावेसे नेहमी वाटते. प्रतिनिधी न पाठवलेल्या पक्षांची तक्रारही मग मला अर्धीच खरी वाटते.

या भावांवरून आठवले. शांतो अय्यंगार नावाच्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने जुन्या आणि नव्या पाहण्या शेजारी ठेवून पाहिले होते. मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल, असे म्हणणारे १९६० मध्ये शंभरात पाचेक होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी तिसरा हिस्सा तसे म्हणाला. तिकडे पक्ष ही जात झाली, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. आपल्याकडे जात आधीपासूनच आहे, त्यामुळे पक्षाला ते काम फारसे करावे लागत नाही. या दोघा भावांच्या घरात तर पक्ष ही पावसाळ्यापुरती छत्री आहे. कोण कुणाचा प्रतिनिधी, हे घरात बसूनच ठरले असावे.

७.००

पहिला मतदार एक म्हातारा, कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड. कुऱ्हाड बाहेर ठेवायला सांगितली तर जवानाकडे संशयाने बघत भिंतीला टेकवून आला.

पहिला अधिकारी चिन्हांकित यादीत नाव शोधतो आणि मोठ्याने वाचतो, प्रतिनिधींना ऐकू जावे म्हणून. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो. तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचे बटण दाबतो. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणूस एकटा. निळे बटण, लाल दिवा, सात सेकंद काचेतून दिसणारी चिठ्ठी, लांब बीप. बीप झाली की बाहेर.

यादीत एकाच नावाचे चार-चार जण. आडनावे मोजकी: पुंगाटी, वड्डे, मडावी, आत्राम. वडिलांचे नाव विचारावे तर दोघांच्या वडिलांचेही नाव एकच. अशा वेळी अंगणवाडी सेविका कामाला येते. तिला माडिया येते, मराठी येते आणि कोण कुठल्या घरातला हेही येते. यादीत लिंग, वय, घर क्रमांक, बाप किंवा नवरा हे सगळे असते. माणूस कुठल्या बाजूचा आहे, हे सरकारी कागदावर कुठेच नाही.

८.३०

शुकशुकाट. सेविकेला विचारले तर ती हसते. "मोहा वेचाले गेले सारे."

एप्रिलचा हा पंधरवडा मोहाचा शेवटचा. रात्री गळलेली फुले पहाटे वेचली नाहीत तर उन्हाने सुकतात, नाहीतर गुरे खातात. घरातले जितके हात, तितक्या टोपल्या. निवडणुकीची तारीख दिल्लीत ठरते तेव्हा उन्हाळा, परीक्षा, सण, निमलष्करी दलाच्या तुकड्या, सगळे पाहिले जाते. मोहाचे झाड कुणाच्या यादीत असते की नाही, कोण जाणे. उद्या वर्तमानपत्रात 'सकाळच्या सत्रात निरुत्साह' असे छापून येईल आणि कुणीतरी त्यावरून मतदारांच्या नाराजीचा अर्थ काढील. टक्केवारीवरून मन वाचणाऱ्यांनी एकदा इथल्या झाडाखाली उभे राहावे.

९ वाजताचा आकडा बिनतारी संदेशाने जातो. मोबाइलला रेंज नाही. क्षेत्रीय अधिकारी पलीकडून तीनदा विचारतात, "ओव्हर. एवढेच? ओव्हर."

१०.१५

आता खरी गर्दी. रस्त्याच्या वळणावरून चाळीसएक माणसे एका ओळीत येताना दिसतात, पुढे पुरुष, मागे बाया, काहींच्या कडेवर पोरे. त्यांच्या टोल्यात पूर्वी केंद्र होते, सुरक्षेच्या कारणाने ते इकडे हलवले. मध्ये नाला, चढ आणि पायवाट. सगळा टोला एकदमच निघाला, कारण एकेकट्याने रान ओलांडायचे नसते. अशा दिवशी तर नाहीच.

सगळे एकत्र आले, तर मतही एकत्र ठरले का? प्रतिनिधी भाऊ त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतात त्यावरून वाटते, त्यांना उत्तर ठाऊक आहे. मला ठाऊक नाही आणि माझ्या खुर्चीला ते ठाऊक असूही नये. पण या जिल्ह्यात गाव बसून ठरवते, ही गोष्ट लपलेली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोवर तिथे कित्येक वर्षे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेत आली होती. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा तेव्हाच राज्यभर पोचली. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत इकडे ग्रामसभांनी आपली माणसे उभी केली आणि लालसू नोगोटी, सैनू गोटा हे निवडूनही आले. सुरजागडच्या लोहखाणीला विरोध, वनहक्क, पेसा कायदा हे विषय तिथे गोल बसून, सगळ्यांदेखत बोलले गेले.

त्या गोलात बसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, आता पुठ्ठ्यामागे एकटा जा आणि कुणाला सांगू नकोस. त्याला ते विचित्र वाटत नसेल असे नाही. एक गडी आत गेला, बाहेर डोकावून सेविकेला माडियात काहीतरी विचारू लागला. तिने तोंडावर बोट ठेवले. तो हसला, परत आत गेला. बीप.

गुप्ततेची मोठी गंमत पुढे आहे. मत गुप्त असते ते माणसाचे. गावाचे नसते. मतमोजणीत प्रत्येक केंद्राची मते वेगळी मोजली जातात आणि नमुना २० मध्ये केंद्रनिहाय आकडे कुणालाही पाहता येतात. मुंबईतल्या केंद्रावर हजारभर मतदार, शिवाय इमारती सरमिसळ. इथे एका केंद्रावर तीनशे-चारशे, आणि गावे म्हणजे दोन-तीन कुळे. कुठल्या टोल्याने कुणाला दिले, हे जूनमध्ये तालुक्याला तोंडपाठ होईल. मग कुणाच्या वाट्याला बोअरवेल आणि कुणाच्या वाट्याला आश्वासन, तेही. चौदाएक केंद्रांची मते एकत्र करून मगच आकडा काढणारे टोटलायझर नावाचे यंत्र निवडणूक आयोगाने सुचवून बरीच वर्षे झाली. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारसही केली. केंद्र सरकारने ते मान्य केले नाही. राजकीय पक्षांना बूथनिहाय हिशेब हवा असतो, हे उघड आहे. माझ्या मते लहान गावांवर याइतका मोठा अन्याय मतदानाच्या साऱ्या नियमावलीत दुसरा नाही.

आणि शाई. माणूस कुणाला मत देतो ते झाकलेले, पण दिले की नाही ते बोटावर, आठवडेच्या आठवडे. ज्या रानात बहिष्काराची पत्रके झाडाला लागतात तिथे ते बोट ओळखपत्र होते. पलीकडे बस्तरमध्ये काही गावांनी शाई लावू नका, अशी मागणी केल्याच्या बातम्या मागे आल्या होत्या. इथे आज एकच पोरगा बोट मागे घेत म्हणाला, "थोडीच लावा जी." नियम नखापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायला सांगतो. दुसऱ्या अधिकाऱ्याने रेघ ओढली.

१२.४५

जेवायला पाळीपाळीने. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात भात, वरण, वाळल्या अंबाडीची भाजी. तिसरा अधिकारी जेवायला गेला की मशीनजवळ त्याच्या जागी मी. त्याचा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो, तिकडचा नागरिक झालेला. रेंज जाण्यापूर्वी त्याचा मेसेज आला होता: तिकडे कुणाची हवा आहे?

भाताचा घास घेत तो भावाकडून ऐकलेले सांगतो. तिकडे मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्षही नोंदवता येतो. जून महिन्यात प्राथमिक निवडणूक असते, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण, तेच मतदार ठरवतात. भावाची नोंद डेमोक्रॅट. ग्रामसेवक घास हातात धरून थांबतो. "सरकारी यादीत? पक्ष?" हो. बऱ्याच राज्यांत तसे आहे. अंगणात उमेदवाराच्या नावाची पाटी, गाडीवर स्टिकर. आमच्या ग्रामसेवकाला हे पटत नाही. असे इथे केले तर, तो म्हणतो, "बदलीच समजा."

आणखी एक. न्यू जर्सीत प्रचाराला कुणी फिरकत नाही, कारण निकाल ठरल्यासारखाच असतो. सगळा पैसा, सगळ्या सभा शेजारच्या पेनसिल्व्हेनियात. राष्ट्राध्यक्षाला ५३८ पैकी २७० निर्वाचक हवेत आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. म्हणून २००० मध्ये अख्ख्या देशाचा निकाल फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर लटकला. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना जवळजवळ २९ लाख मते जास्त मिळूनही त्या हरल्या. एवढे ऐकून कृषी सहायक शांतपणे म्हणतो, "मग आपलं भामरागड म्हणजे न्यू जर्सीच म्हणा ना." खरे आहे. सभा वडसा, आरमोरी, चामोर्शी, ब्रह्मपुरी, चिमूर. इकडे मते थोडी, अंतर फार.

मग हवा इथपर्यंत कशी येते? टीव्हीवरून थोडीच. वर्तमानपत्र आले तर शिळे. ती येते बाजारातून. आठवडी बाजारात ज्याच्या फोनला रेंज मिळाली तो आठवड्याचे सगळे व्हिडिओ उतरवून आणतो आणि ब्लूटूथने गावभर वाटतो. त्यात रेला नाचही असतो आणि भाषणही. आमच्या वडशाकडच्या झाडीपट्टीत तर दिवाळीपासून नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगाव, रात्रभर, माणसे बैलगाड्या भरून येतात. पत्रकावर नटांच्या नावांआधी उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे: आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार. पडदा वर जायला त्यांच्या भाषणांमुळे बारा वाजतात. आचारसंहिता लागते मार्चमध्ये, पण प्रचार कार्तिकात सुरू झालेला असतो. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचारबंदीचे. कायद्याने टीव्ही गप्प. इथे ते ४८ तास आणि एरवीचे ४८ तास सारखेच.

या वेळी जो निरोप सगळ्यात खोलवर गेला तो संविधानाचा. भाजपचे 'चारशे पार' झाले तर संविधान बदलतील, आरक्षण जाईल. खरे किती, खोटे किती, हा वाद वाहिन्यांवर चालला आहे. जंगलाच्या जमिनीचा पट्टा कागदावर मिळवायला वीस-वीस वर्षे घालवलेल्या माणसाला कागद बदलणार, एवढे शब्द पुरतात. उत्तरेकडच्या ओबीसी गावांची दुखरी नस वेगळी. जिल्ह्यात नोकऱ्यांतले त्यांचे आरक्षण सहा टक्क्यांवर आले होते, ते अजून कुणी विसरलेले नाही. एकाच मतदारसंघात दोन भीती, दोन्ही आरक्षणाच्याच, आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या.

१.३०

ऊन पत्र्यावर तडतडते. एक म्हातारी, दृष्टी गेलेली, नातवाचा हात धरून. सोबती म्हणून नातवाला आत जाऊ द्यायचे तर त्याचे प्रतिज्ञापत्र घ्यायचे, त्याने आज दुसऱ्या कुणासाठी हे केलेले नाही याची खात्री करायची, त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावायची. म्हातारीचे वय यादीत ७९. पंच्याऐंशी असते तर घरूनच मत देता आले असते. लोकसभेला या निवडणुकीपासून ती सोय आहे. सिरोंचाकडच्या दोन वृद्ध मतदारांसाठी अहेरीहून पथक १०७ किलोमीटर गेल्याची बातमी परवा प्रशिक्षणातल्या साहेबांनी अभिमानाने सांगितली होती. दोन मतांसाठी एवढे! असे कुणीतरी मागून म्हणाले होते. दोन मतांसाठी जायचे नसेल तर मग कितीसाठी जायचे, हा आकडा त्याने सांगायला हवा होता.

बॅलट युनिटवर शेवटचे बटण 'नोटा'. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने आलेले. २०१९ ला या मतदारसंघात त्याला चोवीस हजारांहून जास्त मते पडली. अभ्यासक त्याला निषेध म्हणतात. असेलही. खाणीविरुद्ध, पक्षांविरुद्ध. पण आडोशामागे सगळ्यात खालचे बटण चाचपडून दाबणारेही असतात, आणि मोजताना दोघांची बीप सारखीच असते.

२.४०

आता धावपळ. मोहा वाळत घालून आलेल्या बाया, ट्रॅक्टरवरून आलेली पोरे. तीन वाजायला दहा मिनिटे असताना जवान सांगतो, पलीकडच्या चढावर आणखी काही जण दिसतात.

३.००

नियम स्पष्ट आहे. तीनच्या ठोक्याला रांगेत जो शेवटचा, त्याच्यापासून उलट क्रमाने सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या. चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचे मत होईपर्यंत केंद्र चालू. चढावरचे चौघे पळत पोचले. पाचवा, पाठीवर पोर असलेला, फाटकात शिरला तेव्हा माझ्या घड्याळात तीन वाजून दोन मिनिटे झाली होती. दोन्ही प्रतिनिधी माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटले. तो काही बोलला नाही, पोराला खाली उतरवून हापशावर पाणी पाजले आणि सावलीला बसला. ब्रह्मपुरीत अजून तीन तास मतदान चालणार होते.

३.२५ ला शेवटची बीप. क्लोजचे बटण.

४.००

कागद. नमुना १७-क, नोंदविलेल्या मतांचा हिशेब. नोंदवहीतला आकडा आणि मशीनचा आकडा जुळतो. केंद्राध्यक्षांची दैनंदिनी: आक्षेपित मते नाहीत, प्रदत्त मते नाहीत, सोबत्याच्या साहाय्याने दिलेले मत एक. लाखेचा वास, बोटे भाजतात. १७-क ची एकेक प्रत दोघा भावांना सही करून.

धाकटा आकड्याकडे बघत म्हणतो, "गुरुजी, यात आमचे किती?"

"चार जूनला कळेल."

अजून शेहेचाळीस दिवस. देशात आणखी सहा टप्पे व्हायचे, एक जूनच्या संध्याकाळपर्यंत एक्झिट पोलही दाखवायचे नाहीत. अमेरिकेत बहुतेकदा त्याच रात्री वृत्तसंस्था 'अमुक जिंकला' असे जाहीर करते. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते आहे, आणि अधिकृत शिक्कामोर्तब नंतर कधीतरी होते. आपल्याकडे आयोग बोलल्याशिवाय कुणी विजयी नाही.

(पुढचे इथेच सांगून टाकतो. मतदारसंघात ७२ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, शेजारच्या चंद्रपूरपेक्षा जास्त. ४ जूनला काँग्रेसचे नामदेव किरसान यांनी दोन वेळचे खासदार भाजपचे अशोक नेते यांना १ लाख ४१ हजारांहून अधिक मतांनी हरवले. चंद्रपुरात प्रतिभा धानोरकरांनी सुधीर मुनगंटीवारांना. कारणे सांगणारे लेख दुसऱ्याच दिवसापासून आले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आदिवासी मतदार असे एकवचनात लिहिले होते.)

६.१५

मशीन परत पोलीस मदत केंद्राच्या खोलीत, दारावर दोन जवान. सकाळी हेलिकॉप्टर, आधी मशीन चढेल, मग आम्ही. बूट काढून बसतो न बसतो तोच फाटकावरून हाक. दोघे भाऊ उभे. नदीपलीकडच्या केंद्राचा एकूण आकडा हवा आहे. बिनतारी संचावरच्या जवानाने तो सगळ्यांदेखत मोठ्याने घेतला होता, तोच सांगितला. दोघे सायकल हातात धरून तिथेच हिशेब मांडू लागले. मोठा म्हणाला, त्या गावात सासरवाडी आहे, साठ तर धरूनच चाल. धाकटा म्हणाला, सासऱ्याने तुला शेवटचं जेवायला कधी बोलावलं ते सांग आधी.

फाटकातून बाहेर पडेपर्यंत साठाचे चाळीस झाले होते.